पाळीआधी, पाळीनंतर

पहाटे साडेपाच

कापसाचा हंगाम सुरू झाला की शेवगावला गाड्यांच्या आवाजाने जाग येते. ताडपत्री आवळलेले टेम्पो, ट्रॅक्टर, पिकअप गेवराई, पाथर्डी, पैठण अशा सगळ्या रस्त्यांनी गावात शिरतात. दसऱ्याच्या आगेमागे सुरू झालेली ही वर्दळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. याच महिन्यांत भेंड्याच्या ज्ञानेश्वर कारखान्याच्या वाटेला उसाच्या गाड्या लागतात, आणि याच महिन्यांत माझ्या दवाखान्यात खोकला वाढतो. थंडीचा खोकला असतोच, पण सगळा खोकला थंडीचा नसतो.

मी इथे साधी जनरल प्रॅक्टिस करते. ताप, जुलाब, साखर, बीपी, अधूनमधून विंचू. पण गेल्या काही हंगामांपासून एका गोष्टीवर मी नजर ठेवून आहे. माणूस किती माणसांबरोबर काम करतो आणि वर्षातले किती महिने करतो, यावरून त्याच्या फुप्फुसांची, कानांची, पाठीची काळजी कोणी घ्यायची की नाही हे ठरतं. धूळ तीच, आवाज तोच, हजेरीपट मात्र वेगळा. म्हणून आजचा दिवस तासवार लिहून ठेवते आहे.

सकाळी साडेसात

जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जाणाऱ्या बायका दवाखान्यावरूनच जातात. त्यांतल्या काहींना मी पाळीआधी एक मिनिट थांबायला सांगितलं आहे. माझ्याकडे पीक फ्लो मीटर आहे. प्लास्टिकची नळी, त्यावर सरकणारा काटा. छातीभर श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात फुंकायचं. दर मिनिटाला किती लिटरच्या वेगाने हवा बाहेर पडली, ते काटा दाखवतो. तीनदा फुंकायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. मोठ्या दवाखान्यातल्या स्पायरोमेट्रीची सर त्याला नाही, पण ते पिशवीत मावतं आणि विजेवाचून चालतं.

चाळिशीतल्या एक ताई पहिल्या येतात. डोक्याला रुमाल, तोंडाला बांधायला ओढणी, हातात भाकरीचं फडकं. सकाळचा आकडा ३३०.

"आज बरं वाटतंय ओ मॅडम," त्या म्हणतात. "काल गाड्या आल्या नव्हत्या. खाडाच झाला."

"मग आज संध्याकाळी नक्की फुंकून जायचं. विसरायचं नाही."

मला हवा आहे तो दोन आकड्यांमधला फरक. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराचं नाव बिसिनोसिस. दम्याचा माणूस पहाटे बेजार होतो, याचा माणूस पाळीच्या शेवटी. आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस सगळ्यांत वाईट जातो. छाती आवळते, दम लागतो, अंगात कणकण भरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जरा हलकं वाटतं आणि माणूस म्हणतो, सवय झाली. इंग्लंडच्या गिरण्यांत या दुखण्याला सोमवारचा ताप म्हणत.

आता यातली मेख पाहा. हा आजार ओळखायला आधी एक सुट्टी लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. ज्याला रविवार आहे त्याला सोमवारही आहे, आणि त्या सोमवारी छाती आवळली तर डॉक्टरच्या लक्षात येतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना हंगामात ठरलेली सुट्टी नाही. माल आला की काम, माल नाही तर खाडा. त्यामुळे आजाराची ठळक खूणच पुसली जाते आणि सगळं 'बारमाही खोकला' या नावाखाली जमा होतं.

सकाळी साडेनऊ

ओपीडी. केसपेपरवर नाव, वय, गाव, वजन, बीपी एवढे रकाने छापलेले असतात. मी त्यात 'काम' हा रकाना पेनाने वाढवला आहे आणि त्याखाली दोन प्रश्न: तिथे किती माणसं, वर्षातले किती महिने. इटलीचा बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. ताग-अंबाडीच्या जातीचे धागे विंचरणाऱ्यांचा खोकला त्याने तेव्हाच नोंदवला होता. रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा, तू काय काम करतोस, असं त्याने वैद्यांना बजावलं. तीनशे वर्षं उलटली, तरी आपल्या केसपेपरवर त्या प्रश्नाला जागा नाही.

पहिला पोरगा विशीतला. कानात कुईं आवाज येतो, म्हणून आला आहे. ग्रिलच्या दुकानात कटर आणि ग्राइंडर चालवतो. मी पाठीमागून हलक्या आवाजात नाव घेतलं, त्याने वळून पाहिलं नाही. दुकानात मालक धरून पाच जण. कानाला लावायला काही दिलंय का? नाही. वेल्डिंगचा चष्मा आहे, पण तो एकच आणि तो सगळ्यांत फिरतो. डोळे रात्री वाळू गेल्यासारखे टोचतात, मग बटाट्याची चकती ठेवतो.

त्याच्यामागून आले ते वाळूजला मोठ्या कंपनीत कायम असलेले गृहस्थ. सुट्टीला गावी आले होते. साखर दाखवायला आले आणि सोबत फाइल घेऊन आले. तिच्यात नोकरीला लागतानाची तपासणी, छातीचा एक्स-रे, दर वर्षीचा कानाचा आलेख. २०१९ च्या आलेखात उजव्या कानाची रेघ वरच्या पट्टीत जराशी खाली गेलेली दिसते. कंपनीच्या डॉक्टरने त्याच वर्षी खातं बदलायला सांगितलं. पुढच्या सगळ्या आलेखांत रेघ तिथेच थांबली आहे.

ग्राइंडरवाल्या पोराचा आलेखच नाही. त्याचा कान कधी बिघडायला लागला हे कोणालाच कधी कळणार नाही. मोठ्या कंपनीत आवाज कमी असतो असं नाही. प्रेस शॉपमध्ये उभं राहून पाहिलं तर पोराच्या दुकानापेक्षा तिथे जास्तच कानठळ्या बसतील. तिथे आवाज मोजणारं कोणीतरी असतं आणि मोजलेलं कागदावर राहतं, एवढाच फरक. एवढ्या फरकावर एक कान वाचला.

आवाजाने येणारं बहिरेपण कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, बिसिनोसिसही आहे. डॉक्टरने असा रुग्ण पाहिला तर विनाविलंब लेखी कळवावं, ही तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या नव्या संहितेतही आहे. पण ती संहिता मुळात दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागते. पाच जणांच्या दुकानातल्या पोराबद्दल मी कळवायचं कोणाला? मी त्याला फोमचे इअरप्लग दिले, कसे पिळून घालायचे ते दाखवलं आणि नगरला कान तपासायला पाठवलं. तिथे जायचा एक दिवस म्हणजे एक खाडा.

दुपारी बारा

ओपीडी ओसरली की दोन घास खाते आणि वाचते. आज जुने फॅक्टरी कायदे काढून बसले होते. पहिला कायदा १८८१ चा. तो लागू होता शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना, आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले. म्हणजे जिनिंग बाहेर. १८८४-८५ मध्ये मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनिंगमध्ये बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत कशा राबतात याच्या साक्षी झाल्या. त्यानंतर आकडा हळूहळू उतरला. १८९१ ला पन्नास, १९२२ ला वीस, १९४८ ला विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा. हंगामी कारखाने १९११ ला कायद्याच्या आत आले. या प्रत्येक पायरीमागे कोणाचे तरी मोर्चे आहेत, कोणाच्या तरी साक्षी आहेत. नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला आता पुन्हा वीस माणसं लागतात. साठ-सत्तर वर्षं खाली आणलेला आकडा वर चढला, आणि शेवगावसारख्या गावात दहा ते वीस माणसांची ठिकाणंच जास्त आहेत.

मला जास्त लागलं ते कर्मचारी राज्य विम्याचं, म्हणजे ज्याला सगळे ईएसआय म्हणतात त्याचं. १९४८ च्या त्या कायद्यात हंगामी कारखाना कोणता ते नावं घेऊन सांगितलं होतं. पहिलंच नाव कापसाचं जिनिंग, मग कापूस किंवा तागाचं प्रेसिंग, पुढे साखर आणि गूळही. हे सगळे योजनेच्या बाहेर. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला आहे. म्हणजे आमच्या तालुक्याचं पोट ज्या दोन धंद्यांवर चालतं, तेच दोन्ही वगळलेले.

अमेरिकेतही हेच. तिथे १९७८ साली कापसाच्या धुळीसाठी कडक मानक आलं. सूतगिरणीच्या हवेत किती धूळ चालेल ते मायक्रोग्रॅममध्ये ठरलं, कामगारांची फुप्फुसं तपासणं बंधनकारक झालं. त्या मानकाच्या पहिल्याच कलमात जिनिंग वगळलं आहे. १८८१, १९४८, १९७८, तिन्ही कायद्यांतून तीच बाई निसटली.

दुपारी अडीच

एका जिनिंगच्या मालकांकडे गेले. त्यांची आई माझी जुनी पेशंट, म्हणून आत जाता येतं. शेडमध्ये डबल रोलरच्या जिन ओळीने चालू. दाराशी उभं राहिलं तरी जीभ कोरडी पडते. उन्हाची तिरीप पत्र्याच्या भोकातून आत येते आणि तिच्यात धूळ तरंगताना दिसते. पण जी दिसते ती नाकात अडकते. खोल जाते ती न दिसणारी. बोंडाभोवतीची सुकी पानं, पाकळ्या, देठ यांचा चुरा कापसाबरोबर येतो आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या कवचात एंडोटॉक्सिन असतं. छाती आवळण्यामागे मुख्यतः तेच आहे असं मानतात. दवात भिजलेला, पालापाचोळ्यासकट वेचलेला माल जास्त त्रास देतो. आणि ओढणी हा चुरा अडवू शकत नाही. ओढणीने दिलासा मिळतो, संरक्षण नाही.

मालक वाईट माणूस नाही, हे मला लिहायलाच हवं. मागच्या वर्षी एका मजुराच्या हाताला लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाडीत घालून नगरला नेलं आणि खर्च केला. मोठ्या कंपनीत असं कोणी मालक तुमच्या उशाशी बसत नाही. छोट्या ठिकाणी आपुलकी असते, घरच्या लग्नाला उचल मिळते, आईच्या दहाव्याला माणसं येतात. याचा मनाला आधार आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण आपुलकी अपघातानंतर धावून येते. श्वास रोज थोडा थोडा कमी होत जातो, तिथे धावून जायची वेळच येत नाही.

जिनिंगमध्येही लहान-मोठं आहेच. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झालं. त्यात पैसे घातलेल्या जिनिंगमध्ये कापूस पाइपाने ओढला जातो, पट्ट्यावरून जिनवर जातो, माणसाचा हात कमी लागतो. हे केलं गेलं रुई स्वच्छ व्हावी आणि गाठीला भाव यावा म्हणून. त्यात बायकांची छाती थोडी वाचली हा वरचा फायदा. जिथे तेवढं भांडवल नव्हतं तिथे आजही बायका कवळ्याने कापूस उचलून घालतात. रोलरचंही तसंच. जुन्या कातडी रोलरमध्ये क्रोमियम असतं, रोलर झिजला की त्याची भुकटी रुईत आणि हवेत जाते. मुंबईच्या सिरकॉट संस्थेने क्रोम नसलेले रोलर बनवले आहेत. बदलायचे तर पैसे लागतात, आणि हंगाम कसा जाईल ते कोणी सांगत नाही.

मी तीन गोष्टी मागितल्या. झाडताना हवेचा फवारा मारून धूळ उडवायची नाही, ओढून घ्यायची. शेडच्या त्या कोपऱ्यात धूळ खेचणारा पंखा. आणि बायकांना एन-९५ मास्क, पाळीला एक. मालक म्हणाले, "मास्क उद्याच आणतो मॅडम. पंख्याचं पुढच्या हंगामाला बघू."

दुपारी चार

दवाखान्याच्या पायरीवर त्याच ताईंचा धाकटा दीर बसला होता. तो सुप्याच्या एमआयडीसीत एका मोठ्या कंपनीत ठेकेदाराकडून लागला आहे. घरात भावजय जिनिंगवर, दीर कंपनीत. दोघांचे केसपेपर माझ्याकडे एकाच फायलीत. त्याचं बीपी १५०/९६, वय तिशीच्या आत. रात्रपाळी, कँटीनचं तेलकट जेवण, खोलीवर पाच जण, झोप तुटक. मोठ्या कंपनीची ही बाजूही मी रोज पाहते. तिथे हात सहसा तुटत नाही, पण तरुण वयात रक्तदाब आणि साखर मागे लागते, आणि टार्गेट चुकेल या धास्तीने पोरं रविवारीही दचकून उठतात.

तरीही त्याच्या खिशात ईएसआयचा क्रमांक आहे. पगार २१,००० च्या आत असलेल्याकडून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यावर घरच्यांचेही उपचार होतात, आणि आजारी रजेचे वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के पैसे मिळतात. या पैशाचं मोल मी फार मानते. औषधापेक्षा जास्त माणसं विश्रांतीने बरी होतात आणि विश्रांती ज्याला परवडते त्यालाच मिळते. माझ्या जिनिंगवाल्या बायकांना मी 'आठ दिवस धुळीत जाऊ नका' असं लिहून देते तेव्हा त्या कागदाची घडी घालून कमरेला लावतात आणि उद्या पुन्हा शेडमध्ये असतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, आणि तिने इथल्या कितीतरी घरांवरचं कर्ज टाळलं आहे. पण ती ॲडमिट झाल्यावरची गोष्ट. बुडालेला रोज ती देत नाही.

दिराला मात्र सात महिने भरले की ब्रेक देतात. आजारी रजेच्या पैशासाठी सहा महिन्यांच्या टप्प्यात ७८ दिवसांची वर्गणी लागते. ब्रेक नेमका मधे आला की हिशेब तुटतो. त्याच गेटातून आत जाणाऱ्या कायम कामगाराचा तुटत नाही. मोठ्या कंपनीच्या आत अशी एक छोटी कंपनी असतेच, आणि शेवगावची बहुतेक पोरं तिच्यात आहेत.

त्याला मीठ कमी करायला सांगितलं, पंधरा दिवसांनी बोलावलं. तो म्हणाला, "पंधरा दिवसांनी फर्स्ट शिफ्ट आहे, बघतो."

संध्याकाळी साडेसहा

क्रांती चौकातली गर्दी वाढते तशा बायका परततात. केसांना, भुवयांना कापसाचे तंतू. ताई आल्या, बाकावर बसल्या, आधी पाणी प्यायल्या. पहिल्यांदा फुंकलं तेव्हा खोकल्याची ढास लागली. मग तीनदा नीट. सगळ्यांत मोठा आकडा २७०. सकाळच्या मानाने जवळजवळ पाचव्या हिश्शाची घट, आणि कालचा खाडा होता. गेले काही आठवडे वहीत हाच उतार दिसतो आहे.

"छातीवर जातं ठेवल्यावानी होतंय," त्या म्हणाल्या. "पण उद्या हलकं होईल. परवा अजून हलकं."

मी त्यांना आजाराचं नाव सांगितलं. सुरुवातीला धूळ सुटली तर हे परत फिरतं. वर्षानुवर्षं राहिलं तर श्वासनळ्या कायमच्या आकसतात आणि मग पंप ओढून दिवस काढावे लागतात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीतही हा आजार होता, उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा बॅगासोसिसही त्याच यादीत. म्हणजे भरपाईचा हक्क कागदावर आहेच. पण हक्क सांगायला कुठे, किती वर्षं काम केलं ते दाखवावं लागतं. मस्टर मुकादमाच्या वहीत असतं आणि ती वही हंगामाबरोबर संपते.

जपानमध्ये पन्नास किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक कामाच्या जागेला स्वतःचा कंपनी डॉक्टर नेमावा लागतो. पन्नासच्या आतल्या जागांचं काय, हा प्रश्न त्यांनाही पडला. त्यांनी प्रत्येक भागात एक केंद्र काढलं, जिथे छोट्या दुकानांच्या कामगारांना डॉक्टरचा सल्ला फुकट मिळतो. आपल्या ग्रामीण रुग्णालयात हंगामाच्या महिन्यांत आठवड्यातली एक संध्याकाळ, एक स्पायरोमीटर आणि कान तपासायचं एक यंत्र, एवढ्यावर हे इथे उभं राहू शकतं. ग्रिलवाला पोरगा, पिठाच्या गिरणीवाले आबा, जिनिंगच्या बायका सगळे एका रांगेत येतील. किती माणसं आहेत हे कोणी विचारणार नाही, धूळ किती आणि आवाज किती एवढंच विचारतील. मी अर्ज लिहिला आहे, पुढेही लिहीत राहीन.

रात्री नऊ

शेवटचा पेशंट गेल्यावर वहीतल्या आकड्यांची नक्कल काढली. ताईंच्या जिनिंगमध्ये वीसच्या वर माणसं आहेत, म्हणजे इथे कळवायला पत्ता आहे. संध्याकाळी मी त्यांना तसं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "माझं नाव गेलं तर मुकादम हजेरी लावील का?"

मी म्हटलं, कागद मुकादमाकडे जात नाही, कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात जातो. मालकांना मी आधीच भेटले आहे, पुन्हा भेटेन. तुम्हाला गाठी बांधायच्या बाजूला किंवा बाहेरच्या काट्यावर काम द्या, असंही लिहून देईन. त्या म्हणाल्या, घरी विचारते आणि सकाळी नळी फुंकायला येते तेव्हा सांगते. कायदा 'विनाविलंब' म्हणतो. एक रात्र मी थांबते आहे, कारण उद्याचा रोज त्यांचा आहे, माझा नाही.

अहवाल लिहून ठेवला. १९४८ च्या कायद्याला तीनच गोष्टी पुरायच्या: रुग्णाचं नाव-पत्ता, आजार, कारखान्याचं नाव-पत्ता. चौथा कागद मी आपणहून जोडते, कामाच्या इतिहासाचा. त्यात 'कामाला लागल्याची तारीख' अजून कोरी आहे. ती ताईंनाच विचारावी लागेल, कारण जिनिंगच्या हिशेबात त्या दर दिवाळीनंतर नव्यानेच कामाला लागतात.